जुना बेलर थरथरतो कशाने? क्रॉस बदलण्याआधी वाचा

गवताचे गठ्ठे बांधणारा बेलर जुना झाला की थोडाफार हादरणारच, असं म्हणून बहुतेक जण चालवून घेतात. मग ऐन कामात पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, सांध्यातला क्रॉस तुटतो. नवा बसवला जातो, तोही त्याच हंगामात खुळखुळायला लागतो, आणि 'हल्लीचा मालच तसला' असा निकाल लागतो. माल खराब असूही शकतो. पण एकाच जागचा क्रॉस लागोपाठ दोनदा गेला, तर तो बिचारा मार खातोय आणि मारणारा दुसराच कुणीतरी आहे, असं धरून चालावं.

तो दुसरा कोण हे शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत, दोन प्रश्न लागतात. थरथर सेकंदाला किती वेळा येते? आणि नेमकी केव्हा येते: रिकाम्या मशीनवर की गवत आत जाताना, सरळ चालताना की वळताना, एका ठरावीक वेगाला की वेग वाढेल तशी वाढत? थरथर कुठे जाणवते हा प्रश्न सगळ्यांत आधी सुचतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. लोखंडी सांगाड्यातून कंप कुठल्या कुठे पोचतो. ट्रॅक्टरच्या सीटखाली जाणवणारा हादरा मागच्या फ्लायव्हीलचा, म्हणजे जड चाकाचा, निघतो, आणि गिअरबॉक्सपाशी ऐकू येणारी गुरगुर पुढच्या सांध्याची.

ताकद कुठून कुठे जाते

चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर डोळ्यांपुढे आणा. ट्रॅक्टरच्या पीटीओला पहिला सांधा, त्यामागे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, मग दुसरा सांधा. कित्येक जुन्या मशीनमध्ये मध्येच बेलरच्या जोडणीच्या दांड्यावर एक आधाराचं बेअरिंग आणि पुढे तिसरा सांधा असतो. त्यानंतर जास्त ताण आला की घसरणारा स्लिप क्लच, तुटून मशीन वाचवणारा शिअर बोल्ट, जड फ्लायव्हील, गिअरबॉक्स, क्रँक आणि शेवटी गवत दाबणारा प्लंजर. गवत उचलणारा पिकअप, दोरी ओढणाऱ्या सुया आणि गाठ मारणारा नॉटर यांना याच रस्त्यातून फाटे फुटतात.

या रस्त्यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका टोकाला ट्रॅक्टरचं इंजिन आहे, दुसऱ्या टोकाला फ्लायव्हील. दोघंही जड, दोघंही आपला वेग सोडायला तयार नाहीत. मधल्या शाफ्टने वेग कमीजास्त करायचा प्रयत्न केला की दोन्हीकडून त्याची कोंडी होते, आणि ती कोंडी क्रॉस, शाफ्टच्या खाचा आणि जोड पक्का करणाऱ्या लोखंडी चाव्या भोगतात.

तपासणीला हात घालण्याआधी: इंजिन बंद, चावी खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं. पीटीओ सोडला तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टला बाही अडकली तर तो सेकंदाला जवळपास दोन मीटर कापड गुंडाळतो. हात मागे घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही. फिरत्या शाफ्टजवळ कान, हात, काठी, स्क्रू ड्रायव्हर, काहीही न्यायचं नाही. आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तपासणीपुरतं काढलं तर मशीन चालू करण्याआधी परत चढवायचं.

नऊ, अठरा आणि दीड

मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालणाऱ्या शाफ्टमध्ये तीन आकडे पाठ असले तरी अर्धं काम होतं.

सेकंदाला ९ वेळा येणारी थरथर म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. काहीतरी वाकलंय, एका बाजूला जड आहे किंवा मध्यातून सरकलंय. सेकंदाला १८ वेळा, म्हणजे फेऱ्याला दोन धक्के, असेल तर सांध्यांच्या कोनाची गडबड. आणि सेकंदाला साधारण दीड वेळा येणारा मोठा, संथ झटका हा प्लंजरचा. या शेवटच्या आकड्यासाठी अंदाज करायची गरज नाही. सगळं बंद असताना फ्लायव्हील हाताने फिरवा आणि प्लंजरच्या एका पूर्ण येण्याजाण्याला किती फेरे लागतात ते मोजा. सहा लागले तर ५४० भागिले ६, मिनिटाला ९० ठोके, सेकंदाला दीड. फिरवताना दुसऱ्या कुणाचा हात चेंबरमध्ये नाही ना, हे मात्र पाहा. हाताने फिरवलं तरी प्लंजरचं पातं कापतंच.

पीटीओ १००० फेऱ्यांचा असेल तर ९ च्या जागी साडेसोळाच्या वर आणि १८ च्या जागी तेहतीसच्या वर आकडा येईल. इंजिन कमी वेगावर चालवत असाल तर त्याच प्रमाणात सगळे आकडे उतरतील.

आता सेकंदाला ९ आणि १८ मधला फरक कळायचा कसा? सरावलेल्या माणसाला तो बसल्या जागी कळतो: नऊचा हादरा वेगळा वेगळा जाणवतो, अठराचा घरघरल्यासारखा एकसंध. पण हल्ली याहून सोपी सोय खिशातच असते. फोनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, आणि फिफॉक्ससारखं मोफत अ‍ॅप त्या कंपाचा आलेख काढून कुठल्या आकड्याला उंचवटा आहे ते दाखवतं. इंजिन बंद असताना फोन बेलरच्या दांड्यावर चिकटपट्टीने घट्ट बांधा, मोजणी सुरू करा, मग ट्रॅक्टरवर जाऊन पीटीओ लावा. एकदा पीटीओ लावून आणि एकदा इंजिन त्याच वेगाला ठेवून पीटीओ सोडून, अशा दोन नोंदी घ्या. दोन्हीत दिसणारा उंचवटा इंजिनचा, त्यात बेलरचा दोष नाही. साध्या फोनचा सेन्सर पन्नासच्या वरचे आकडे भरवशाने सांगत नाही. पण आपले नऊ आणि अठरा त्याच्या आवाक्यात आरामात येतात.

फोनचा कॅमेरा मात्र जपून वापरा. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं मिळाली तर शाफ्टच्या एका फेऱ्याला २६ चित्रं येतात, ते उपयोगी आहे. पण बहुतेक फोनचे कॅमेरे एक चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतात. त्यामुळे जोरात फिरणारा सरळ शाफ्टही चित्रात वाकडा दिसू शकतो. असा व्हिडिओ पाहून चांगली नळी भंगारात जाऊ शकते.

फेऱ्याला दोन धक्के का?

दोन हातांच्या दोन योकमध्ये, म्हणजे चिमट्यासारख्या तुकड्यांमध्ये, अधिक चिन्हासारखा क्रॉस, या सांध्याला हूकचा सांधा म्हणतात. १७व्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं नाव त्याला चिकटलंय. सरळ रेषेत असेपर्यंत तो अगदी निरुपद्रवी असतो. कोनात वाकवला की त्याचा स्वभाव बदलतो. पुढचा योक एकाच गतीने फिरत असला तरी मागचा योक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. यात झीज किंवा ढिलाईचा संबंध नाही, नवाकोरा सांधाही हेच करतो. भूमितीच तशी आहे.

किती पळतो ते कोनावर ठरतं. १० अंशाला ५४० चा वेग ५३२ ते ५४८ मध्ये हलतो, हे कुणालाही जाणवत नाही. २० अंशाला ५०७ ते ५७५. ३० अंशाला ४६८ ते ६२४. म्हणजे कोन तिप्पट झाला की चढउतार नऊ पटींहून जास्त होतो. आता या ३० अंशाच्या सांध्यामागे शंभर किलोच्या घरातलं फ्लायव्हील जोडलेलं आहे असं समजा. सेकंदाला अठरा वेळा त्याने पळायचं आणि थांबायचं? ते ऐकणार नाही. मग तो सगळा पीळ नळीत आणि क्रॉसच्या सुई-बेअरिंगमध्ये मुरतो.

यावरचा उपाय म्हणजे दुसरा सांधा. पहिला जेव्हा पळवतो नेमक्या तेव्हा दुसऱ्याने रोखायचं, म्हणजे फ्लायव्हीलला एकसारखी गती मिळते. मधली नळी तेवढी कमीजास्त होत राहते, पण ती हलकी असल्यामुळे चालून जातं. ही वजाबाकी जुळायला दोन अटी आहेत, आणि जुन्या बेलरमध्ये दोन्ही मोडलेल्या सापडतात.

पहिली अट: मधल्या नळीच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. नळी जमिनीवर ठेवून एका टोकाकडून पाहिलं तर योकचे जवळचे कान (हात) आणि लांबचे कान एका रेषेत दिसले पाहिजेत. चौकोनी दांडा किंवा बारीक खाचांचा शाफ्ट असेल तर कधीतरी ग्रीससाठी नळ्या वेगळ्या केल्या आणि चुकीच्या घरात परत घातल्या, असं सहज होतं. चौकोनी दांडा ९० अंशाने चुकला की वजाबाकीची बेरीज होते: २० आणि २० अंशांचे दोन सांधे मिळून २८ अंशांच्या एकट्या सांध्याइतका त्रास देतात. म्हणून नळ्या वेगळ्या करण्याआधी दोन्हींवर रंगाची एक रेघ ओढून घ्यावी. गेल्या मालकाने ओढली नव्हती, असं गृहीत धरून एकदा तपासावंही.

दुसरी अट: दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. वेगवेगळे असतील तर उरणारा त्रास वर्गांच्या वजाबाकीने कळतो. पुढे २५ अंश, मागे १० अंश: ६२५ वजा १००, उरले ५२५, त्याचं वर्गमूळ सुमारे २३. म्हणजे २३ अंशांचा एकटा सांधा लावल्यासारखं. कोन सारखे राहण्यासाठी जोडणीची पिन दोन सांध्यांच्या बरोबर मध्ये यावी लागते, आणि इथे ट्रॅक्टरचा ड्रॉबार, म्हणजे मागची ओढपट्टी, येतो. ५४० च्या पीटीओसाठी शाफ्टच्या टोकापासून ड्रॉबारच्या भोकापर्यंतचं आडवं अंतर ३५६ मिलिमीटर हे मानक माप आहे. १००० फेऱ्यांच्या एकवीस खाचांच्या बारीक शाफ्टला ४०६, जाड शाफ्टला ५०८. आधी वापरलेलं अवजार वेगळं होतं, ड्रॉबार आत ढकललेला होता, कुणी पुन्हा ओढलाच नाही: हे इतक्या ठिकाणी निघतं की मी तपासणीत टेप सगळ्यांत पहिला काढायला सांगेन. मशीनच्या पुस्तकात वेगळं माप दिलं असेल तर अर्थात पुस्तकाचं ऐकायचं.

याच जागी आणखी एक घोटाळा लपतो: अ‍ॅडॅप्टर. ट्रॅक्टरच्या आणि बेलरच्या खाचा जुळत नाहीत म्हणून मध्ये एक छोटी नळकांडी चढवतात. तिने सांधा तेवढा मागे सरकतो, पिन मध्यावर राहत नाही, कोन बिघडतात. शिवाय पीटीओच्या बेअरिंगवर लोंबतं वजन वाढतं ते वेगळंच. सोय म्हणून चार दिवस ठीक. पण थरथरणाऱ्या बेलरवर अ‍ॅडॅप्टर दिसला तर आधी तो काढून योग्य योक बसवावा, मग बाकीचं शोधावं.

काही बेलरना पुढच्या टोकाला जोडसांधा असतो, दोन क्रॉस पाठीला पाठ लावलेले आणि मध्ये त्यांना सांभाळणारी यंत्रणा. हा आपल्या आपण वेग सारखा ठेवतो, म्हणून वळताना उत्तम. पण मग मागचा सांधा एकटा पडतो, त्याची वजाबाकी करायला कुणी नसतं, आणि तो जवळपास सरळच राहावा लागतो. बेलरचा दांडा फार वर किंवा खाली जोडला तर असं मशीन अगदी सरळ चालतानाही अठराच्या आकड्यावर घरघरतं. आणि अशा बेलरला 'स्वस्तात मिळाला' म्हणून साधा शाफ्ट लावला तर वळणावर ते काय करेल हे वेगळं सांगायला नको.

केव्हा येते, ते पाहा

मोकळ्या जागी, गवताशिवाय, ट्रॅक्टर सरळ ठेवून पीटीओ लावा आणि वेग सावकाश वाढवत न्या. थरथर वेगाबरोबर चढत गेली तर वजनाचा असमतोल किंवा वाकलेला शाफ्ट. एका वेगाला उसळली आणि त्यापुढे शांत झाली तर सांगाड्याचा स्वतःचा सूर त्या वेगाशी जुळतोय: ढिला बोल्ट, तडा गेलेला दांडा, सैल कव्हर असं काहीतरी. अशा वेळी तो वेग टाळून काम भागतं, पण ढिला भाग सापडेपर्यंतच.

मग अगदी सावकाश, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे थोडं वळून पाहा. फक्त वळताना आली तर कोनांचा हिशेब वर दिलाच आहे. तीव्र वळणावर पीटीओ सोडण्याची सवय जुन्या लोकांना असते, ती उगाच नाही. वळण्यात दोन बाजूंत फरक असेल तर ड्रॉबार मधोमध अडकवलेला आहे का ते पाहा.

असमतोलाबद्दल एक गैरसमज आहे. शाफ्टच्या नळीला चिखल लागला, एखादी वेल्डिंगची गाठ आहे, म्हणून बेलर हादरतो असं लोक सांगतात. हिशेब करून पाहू. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर १०० ग्रॅम वजन, ५४० फेरे: बाहेर ओढणारा जोर भरतो जेमतेम दीड किलोचा. तो कुणाला जाणवणार? पण तेच १०० ग्रॅम फ्लायव्हीलच्या कडेला, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर जोर १० किलोच्या आसपास जातो, आणि एक किलोचा ढलपा उडाला असेल तर शंभर किलोच्या जवळ. तोही दर फेऱ्याला दिशा बदलत. कपडे एका बाजूला गोळा झालेलं वॉशिंग मशीन जसं जागा सोडून चालायला लागतं, तसा मग बेलर ट्रॅक्टरला हलवतो. म्हणून नऊचा आकडा आला तर नळीवरचा चिखल खरवडत बसण्याआधी फ्लायव्हीलकडे जा. वाकलेली नळी मात्र वेगळी गोष्ट. आठ किलोच्या नळीचं वजन तीन मिलिमीटर सरकलं तरी आठ किलोचा जोर तयार होतो, आणि तो थेट क्रॉसवर पडतो.

हाताने तपासताना

क्रॉसपासून सुरुवात करा. योकचे दोन भाग दोन हातांत धरून उलटसुलट पिळा. बारीकशी टिक् जाणवली तरी तो क्रॉस गेला. मग शाफ्ट सोडवून सांधा सगळ्या दिशांना वाकवून पाहा. मधोमध, सरळ रेषेच्या जागी, अडकल्यासारखा खाचा खात असेल तर बेअरिंगच्या सुयांनी क्रॉसच्या हातावर नाल्या पाडल्या आहेत. क्रॉसच्या हातावरची बेअरिंगची टोपी काढल्यावर त्या नखालाही लागतात. टोपीच्या कडेला लालसर तपकिरी, पिठासारखी भुकटी दिसली की समजायचं, आत ग्रीस बरेच दिवसांत पोचलेलं नाही आणि लोखंड लोखंडावर घासतंय. ग्रीस गनने भरताना चारही टोप्यांमधून ग्रीस डोकावलं पाहिजे. तीनच ठिकाणी आलं तर चौथीचा रस्ता बंद आहे, आणि पुढच्या वेळी नेमकी तीच टोपी जाणार.

आता योकचे कान. इथेच 'नवा क्रॉस टिकत नाही' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा मिळतं. नवी टोपी कानात दाबून किंवा हातोडीने हलकेच ठोकून बसवावी लागली पाहिजे. बोटाने ढकलून आत जात असेल तर भोक मोठं झालंय. मग तिथे कितीही चांगला क्रॉस लावा, तो मध्यातून सरकून फिरणार आणि फेऱ्याला एक धक्का देणार. टोपी वेल्डिंगने चिकटवून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या उष्णतेने सुया आणि टोपी दोन्ही मऊ पडतात. योकच बदलावा लागतो. टोपी जागी धरणारी सर्कलिप आपल्या खाचेत पूर्ण बसली आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावं, कारण एका बाजूची अर्धवट बसली तरी क्रॉस मध्यावर राहत नाही.

सरकत्या नळ्या हाताने आतबाहेर सरकल्या पाहिजेत. ओढायला दोन माणसं लागत असतील तर कामात, ताण असताना, त्या मुळीच सरकत नाहीत. मग उंचसखल जमिनीवर शाफ्ट एकदा ट्रॅक्टरच्या पीटीओला ढकलतो, एकदा बेलरच्या गिअरबॉक्सला. नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबीपर्यंत गुंतलेल्या राहाव्यात आणि सगळ्यांत जवळच्या स्थितीत टोकाला टेकू नयेत. दुसऱ्या कुठल्या अवजाराचा कापलेला शाफ्ट बेलरला लावलेला असेल तर गुंतवण कमी पडते आणि नळ्या मध्यावर लचकतात.

वाकलेपणा बघायला डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर एक तार सांगाड्याला बांधून तिचं टोक नळीजवळ आणा आणि फ्लायव्हील हळूहळू हाताने फिरवा. तार आणि नळीमधली फट एका जागी मोठी, समोरच्या जागी लहान होत असेल तर वाक तिथे आहे. थोडा फरक प्रत्येक जुन्या नळीत दिसतो. दोन-तीन मिलिमीटर झाला की डोळ्याला खटकतोच.

मधल्या आधाराच्या बेअरिंगकडे कुणी बघत नाही, कारण ते कव्हराखाली असतं. तिथे बेअरिंग शाफ्टला धरून ठेवणारी कॉलर ढिली होऊन शाफ्ट बेअरिंगच्या आत स्वतंत्र फिरायला लागतो. शाफ्टवर चकचकीत किंवा निळसर पट्टा दिसला की तेच झालंय. कॉलर एक्सेंट्रिक (भोक मध्याच्या बाजूला असलेली) असेल तर ती शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेनेच घट्ट करायची, उलटी केली तर चालता चालता सुटते.

फ्लायव्हीलला कड धरून हलवून पाहा. ते शिअर बोल्टने हबला जोडलेलं असतं आणि बोल्ट तुटला तर सुटं फिरावं म्हणून आत बुश (घासणारी छोटी नळी) असतो. त्या बुशला वर्षानुवर्षं ग्रीस मिळत नाही. झिजला की चाक डुलायला लागतं आणि नऊचा हादरा सुरू होतो. शिअर बोल्टचं भोक अंडाकृती झालं असेल तर प्रत्येक ठोक्याला टक् असा आवाज येतो. बोल्ट सारखे तुटतात म्हणून जास्त कडक बोल्ट घालणं म्हणजे घरातला फ्यूज उडतो म्हणून तिथे खिळा ठोकण्याचा प्रकार. पुढच्या वेळी दोरीच्या सुया किंवा गिअरबॉक्स तुटेल. पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचाच बोल्ट वापरा आणि भोक दुरुस्त करा.

गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टखाली पहार घालून हलकेच उचला. वरखाली हालचाल दिसली तर बेअरिंग. तेलात चमचम दिसली तर गिअर. आणि बसवणीच्या बोल्टाभोवती गंजाची ओली रेघ दिसली तर डबाच हलतोय, आत काहीही बिघडलेलं नसेल.

फक्त गवत आत जाताना हादरत असेल तर

प्लंजरच्या प्रत्येक ठोक्याला ट्रॅक्टर थोडा पुढेमागे डुलणं स्वाभाविक आहे. दांड्याची पिन बारीक आणि भोक मोठं असेल तर तेच डुलणं धक्का बनतं, आणि पिन बदलली की अर्धी तक्रार संपते. त्याउपर ठोका जड वाटत असेल तर पाती बघा. प्लंजरचं पातं आणि चेंबरचं स्थिर पातं यांच्यातली फट बहुतेक मशीनमध्ये मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. ती वाढली किंवा धार गेली की गवत कापलं न जाता फाटतं, आणि ते फाडण्याचा जोर गिअरबॉक्समधून उलटा शाफ्टवर येतो. गठ्ठ्याची कापलेली बाजू पाहिली तर हे मशीन न उघडताही कळतं: स्वच्छ कापाऐवजी लोंबत्या काड्या आणि शेपट्या दिसतात. प्लंजरच्या रोलर किंवा सरकपट्ट्या झिजल्या असतील तर फट दर ठोक्याला बदलते, मग पातं कितीही जुळवा, टिकणार नाही. एका ठोक्यात दोनदा ठक् असं येत असेल तर क्रँकची पिन किंवा प्लंजरची पिन, कारण ताणाची दिशा उलटताना ढिलाई दोन्हीकडून आदळते.

जोर येताच करकर, खरखर असा तुटक आवाज आला तर स्लिप क्लच. त्याच्या चकत्यांवर आडवी एक रंगाची रेघ मारा, काम करा, मग पाहा. रेघ तुटली असेल तर क्लच घसरतोय. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या मशीनमध्ये उलट होतं, चकत्या गंजून चिकटतात आणि क्लच कधीच घसरत नाही. मग सगळे झटके थेट पुढे जातात. हंगामाआधी स्प्रिंगचे बोल्ट सैल करून क्लच क्षणभर घसरू द्यायचा, चकत्या मोकळ्या झाल्या की पुस्तकात दिलेल्या लांबीपर्यंतच स्प्रिंग आवळायची. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकवले की तो क्लच राहत नाही, तो नुसता जोड होतो.

गोल गठ्ठ्याच्या बेलरमध्ये

इथे प्लंजर नाही, त्यामुळे दीडचा ठोका नाही. शाफ्टपुरतं वरचं सगळं लागू, पुढे चेन, रोलर आणि पट्टे. पट्ट्याच्या बेलरमध्ये एक छान चाचणी करता येते. पट्ट्याचा वेग कायम असतो, गठ्ठा मोठा होत जातो. समजा पट्टा सेकंदाला अडीच मीटर धावतोय. ६० सेंटिमीटरचा गठ्ठा पाऊण सेकंदात एक फेरा घेतो, १२० सेंटिमीटरचा दीड सेकंदात. म्हणून धडधड गठ्ठ्याबरोबर संथ होत गेली तर गठ्ठाच एका अंगाला फुगलाय, मशीन निर्दोष आहे. गवताच्या ओळीवर ट्रॅक्टर डावी-उजवीकडे नेऊन भरण सारखी करायला हवी. धडधड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लयीत राहिली तर पट्ट्याचा जोड किंवा रोलर. दहा मीटरचा पट्टा त्याच वेगाने चार सेकंदांत एक चक्कर मारतो, रोलर सेकंदात कितीतरी. घड्याळ लावून मोजलं की नाव कळतं.

रोलरच्या टोकाला गुंडाळलेलं गवत बेअरिंग तापवतं, ते कापून काढावं. चेन तीन टक्क्यांनी लांबली की बदलावी, आणि बदलताना स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील तर तेही.

हे सगळं नीट निघालं तर

मग ट्रॅक्टरकडे वळा. त्याच पीटीओला दुसरं एखादं अवजार लावून चालवा. थरथर तिथेही आली तर बेलर दोषातून सुटला. पीटीओचा बाहेर आलेला स्टब हाताने वरखाली हलवून पाहा, आणि त्याच्या खाचांवरून नख फिरवा. एका अंगाला पायरी लागली तर योक रोज तिथे डुलतोय. बऱ्याच ट्रॅक्टरांत हा स्टब सुटा बदलता येतो. तसा असेल तर तो आधी बदला आणि मगच नवा योक चढवा, नाहीतर झिजलेल्या खाचा नव्या योकलाही आपल्या मापाचा करून ठेवतात.